युद्धाची फ्लेमिश टॅपेस्ट्री आणि कोकणातली हवा

युद्धाचा देखावा असलेली जुनी फ्लेमिश टॅपेस्ट्री, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात विणलेलं भिंतीवर टांगायचं चित्र, कुठे फाटली असेल, हे ती उलगडायच्या आधीच बऱ्यापैकी सांगता येतं. आडव्या रोखलेल्या भाल्याच्या कडेला. चिलखताच्या चकाकीत. घोड्याच्या पोटाखालच्या काळपट रेषेत. तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत. ती नीट समजली की आपल्या हवेत या कापडाचं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते आपोआप कळत जातं. अलिबाग-मुरूडपासून गुहागर, वेंगुर्ल्यापर्यंत समुद्रकाठच्या ज्या कुणाच्या घरी असा एखादा तुकडा आहे, किंवा लिलावातून घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी विणकाम. पैठणीचा पदर ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. पदरातल्या मोराचा हिरवा बाणा, म्हणजे ताण्यातून आडवा घालायचा धागा, मोरापुरताच जातो आणि परत फिरतो, साडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. टॅपेस्ट्रीचं तत्त्व हेच. फरक दोन. पहिला म्हणजे टॅपेस्ट्रीत बाणा इतका ठोकून बसवलेला असतो की ताणा, म्हणजे मागावर ताणून बांधलेला धागा, दिसतच नाही, त्याच्या फक्त बारीक उभार रेघा जाणवतात. दुसरा फरक महत्त्वाचा आहे. पैठणीत दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. फ्लेमिश विणकर बहुतेक ठिकाणी तसं करत नसे. दोन रंगांची सीमा ताण्याला समांतर गेली की तिथे सरळ फट राहायची, आणि विणून झाल्यावर ती सुईदोऱ्यानं शिवून टाकायची.

आता यातली मुख्य गोष्ट. ही चित्रं मागावर आडवी झोपवून विणलेली असतात. त्यामुळे टॅपेस्ट्री भिंतीवर टांगली की तिचा ताणा उभा नसतो, जमिनीला समांतर असतो. म्हणजे सगळं वजन बाण्यावर येतं, आणि ताण्याला समांतर असलेल्या फटी आडव्या होतात. खालच्या कापडाचा भार त्या फटींना ओठांसारखा उघडतो. उभ्या धरलेल्या भाल्याला फट नसतेच, कारण ती रेघ ताण्याला काटकोनात जाते. आडवा रोखलेला भाला, घोड्याची पाठ, तटाची वरची कड, चौकटीच्या आडव्या पट्ट्या, या सगळ्यांना फट असते. शिवणीचा दोरा मूळ विणकामाच्या आधी विरतो, मग फट उघडते, आणि त्यानंतर फटीच्या दोन टोकांना असलेला बाणा फाटू लागतो. नुसती फट उघडली असेल तर दुरुस्ती सोपी असते. टोकं फाटू लागली की काम दसपट होतं. म्हणून दर वर्षी आडव्या रेघांवरून नजर फिरवायची ती याच एका कारणासाठी.

चिलखताचं कारण वेगळं आहे. लोकर प्रकाश शोषते, रेशीम परत फेकतं. पोलादाची झळाळी दाखवायला विणकर करड्या-निळ्या लोकरीत पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या रेशमाच्या दातेरी रेघा घालत. सैनिक जितके जास्त, तितकं रेशीम जास्त. उजेडानं रेशीम लोकरीपेक्षा लवकर खलास होतं. ते कडक होतं, बोट लागलं की भुगा पडतो, आणि खालचा उघडा ताणा दिसू लागतो. कापड जमिनीवर पसरून उचलल्यावर खाली पिवळसर बारीक तुसं दिसली तर ते रेशीम आहे. अशा तुकड्याला घरी हात लावू नये.

काळपट रेषांना रंगानंच खाल्लेलं असतं. गडद तपकिरी आणि काळा रंग लोखंडाचे क्षार आणि झाडांतलं टॅनिन यांतून करत. हे मिश्रण लोकरीला आतून पोखरतं. त्यामुळे शेजारचा लाल आणि निळा धडधाकट असताना बाह्यरेषा, घोड्यांचे खूर, सावल्या, दाढ्या तेवढ्या झडून गेलेल्या दिसतात. ओल मिळाली की हा ऱ्हास वेग घेतो, आणि ओल आपल्याकडे भरपूर आहे.

झाडं निळी दिसतात तेही रंगाचंच. हिरवा म्हणजे निळ्यावर चढवलेला वनस्पतीचा पिवळा. पिवळा उडाला, निळा राहिला. खरा मूळ हिरवा बघायचा असेल तर मागची बाजू पाहा.

मागची बाजू अस्सल ओळखण्यासाठीही आधी पाहायची असते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात यंत्रावर, जॅकार्ड पद्धतीनं विणलेल्या ‘फ्लेमिश’ टॅपेस्ट्र्या खूप निघाल्या, आजही बेल्जियममध्ये निघतात. पुढून त्या फसवतात. मागून नाही. हातविणीच्या मागे पुढचंच चित्र उलट्या दिशेनं, तितक्याच रंगांत आणि जास्त ताजं दिसतं, ठिकठिकाणी धाग्यांची टोकं लोंबत असतात आणि एका रंगातून दुसऱ्या जवळच्या आकाराकडे नेलेले छोटे धागे असतात. यंत्राच्या मागे सगळ्या रुंदीभर पट्टेपट्टे किंवा सरळ सोडलेले धागे दिसतात, चित्र नीट लागत नाही. अस्तर लावलेलं असेल तर खालची कड थोडी उसवून बघू द्या असं विक्रेत्याला सांगावं. तो नाही म्हणाला तर घेऊ नये, एवढं साधं आहे.

मग पट्टी लावून एका सेंटिमीटरमध्ये ताण्याच्या किती उभार रेघा येतात ते मोजा. पाच-सहा आल्या तर मध्यम प्रत, सात-आठ किंवा जास्त आल्या तर बारीक काम. बारीक कामात एक विणकर महिन्याला एक चौरस मीटरही पुरा करू शकत नसे, एवढं लक्षात ठेवलं की किमतीचा अंदाज चुकत नाही.

काळ ठरवायला चिलखतं सगळ्यात उपयोगी पडतात. प्राचीन युद्ध म्हणजे प्राचीन पोशाख असं नसतं. १४६० ते १४८० च्या सुमारास आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने शहरातून निघालेल्या संचांत ट्रॉयचे आणि ग्रीसचे वीर पंधराव्या शतकातल्या पोलादी चिलखतांत असतात, एकमेकांवर इतके दाटलेले की जमीन दिसत नाही, अंगावर नावं विणलेली. ट्रॉयच्या युद्धाचा संच पास्किये ग्रनिये या व्यापाऱ्यानं पुरवला होता. मूळ अकरा टॅपेस्ट्र्यांपैकी चार स्पेनमधल्या सामोराच्या कॅथेड्रलमध्ये आहेत, एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात. वर फ्रेंच ओळी, खाली लॅटिन. सीझरच्या लढायांचा त्याच काळातला संच स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आहे.

सोळाव्या शतकात ब्रसेल्सकडे मान गेला आणि इटालियन चित्रकारांचे नमुने, म्हणजे बघून विणायची चित्रं, आले. अंगाला घट्ट बसणारी रोमन छातीकवचं, उघड्या पिंढऱ्या, मोकळं आकाश, दूरवर गेलेला देखावा. रोमचा सेनापती स्किपिओ आणि कार्थेजचा हॅनिबल यांच्या झामाच्या लढाईतले (इ.स.पू. २०२) हत्ती याच काळातले. त्या नमुनाकारांनी हत्ती फारसे पाहिलेले नव्हते, आणि ज्यानं आयुष्यात एकदा तरी देवळापुढे झुलणारा हत्ती पाहिलाय त्याला सोंड आणि कान चुकलेले चटकन कळतात. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वा राजासाठी विणलेला स्किपिओचा २२ टॅपेस्ट्र्यांचा संच १७९७ मध्ये धाग्यांतलं सोनं-चांदी काढण्यासाठी जाळला गेला. हे वाचताना आजही पोटात कालवतं. त्याच नमुन्यांवरून विणलेले इतर संच उरले, म्हणून ती चित्रं तरी माहीत आहेत.

सतराव्या शतकात फ्लेमिश चित्रकार रूबेन्स आला. १६१६-१७ मध्ये त्यानं डेसियस मुस या रोमन सेनानीची कथा ब्रसेल्सच्या विणकरांसाठी रंगवली. माणसं मोठी, थोडी, अंग पिळवटलेली, घोडे अंगावर येणारे. चौकटीत खांब, ढाली, शस्त्रांचे जुडगे. तुमच्या तुकड्यात यांतलं काय दिसतं ते पाहिलं की पन्नास वर्षांच्या आत-बाहेर काळ सांगता येतो.

आणखी एक खूण. फ्लेमिश आडव्या मागावर नमुना ताण्याखाली असे आणि विणकर मागच्या बाजूनं काम करी, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं होई. नमुनाकारानं हे धरलं नसेल तर तलवार डाव्या हातात दिसते. डावखुरं सैन्य म्हणजे बनावट माल, असं समजू नये.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात. १५२८ पासून ब्रसेल्सच्या टॅपेस्ट्रीवर लाल ढाल आणि दोन्ही बाजूंना बी ही रोमन अक्षरं विणणं सक्तीचं झालं. १५४४ च्या शाही फर्मानानं इतर गावांनाही खूण घालावी लागली. औदेनार्देच्या खुणेत चष्मा असतो. या खुणा बाहेरच्या साध्या निळ्या किंवा तपकिरी किनारीत असतात, आणि तीच किनार सगळ्यात आधी झिजून कापली जाते. तेव्हा शिक्का नाही म्हणून तुकडा खोटा ठरत नाही. शिक्का असलेली किनार नंतर जोडलेली नाही ना, हे मात्र शिवण पाहून तपासावं.

जाता जाता, कोकणकिनाऱ्याशी जवळचा असलेला एक संच व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रोच्या मोहिमांच्या दहा टॅपेस्ट्र्या, सोळाव्या शतकाच्या मध्याला ब्रसेल्सला विणलेल्या. दीवचा १५४६ चा वेढा आणि त्यानंतरचा गोव्यातला विजयप्रवेश त्यांत आहे. युद्ध प्राचीन नाही, पण व्हाइसरॉयला रोमन विजेत्याच्या थाटात दाखवलंय.

आता आपली हवा. लोकर पाणी फार धरते. कोरड्या लोकरीचं वजन शंभर धरलं तर ६५ टक्के आर्द्रतेला ती चौदा ते सोळा भाग पाणी धरते आणि नव्वदीच्या पुढे साधारण चोवीस-पंचवीस. चौरस मीटरला एक ते दीड किलो वजन असतं, तेव्हा पंधरा-वीस किलोच्या टॅपेस्ट्रीत जुलैमध्ये दीड-दोन किलो पाणी वाढतं आणि तोच भार त्या आडव्या फटींवर येतो. धागे फुगतात, मग आकसतात. आकसताना ठिसूळ रेशीम तुटतं.

यात मिठाची भर. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ धुळीत मिसळून कापडावर बसतं. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास पाझरायला लागतं, पण समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच ओल ओढतो. म्हणजे हवा कोरडी वाटत असताना कापड सर्दच राहतं. चांदीच्या जरीवर याचा परिणाम सगळ्यात आधी दिसतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पावसानं होत नाही, शनिवार-रविवारच्या एसीनं होतं. पाच दिवस बंद घर, आत नव्वद टक्के ओल. शुक्रवारी रात्री एसी बावीसवर लावला की दोन तासांत हवा कोरडी. सोमवारी बंद, आणि थंड भिंतीवर ओलसर हवा येऊन दव धरतं. असे चार महिन्यांत सोळा झटके. त्यापेक्षा कायम साठ टक्के ठेवलेली खोली केव्हाही बरी. पंचेचाळीस आणि नव्वद यांच्यात झोके घेणारी खोली टॅपेस्ट्रीला मारते. खोलीत साधा आर्द्रतामापक लावा आणि डीह्युमिडिफायर ५५-६० वर सतत चालू ठेवा. त्याची टाकी भरली की यंत्र बंद पडतं, म्हणून नळी थेट न्हाणीत सोडा. वीज गेली तर काय, याचाही विचार आधीच हवा. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती.

टांगायची जागा. पडवी नको, ओटी नको, पश्चिमेची भिंत तर नकोच. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि लोणा फेकते. माजघराची आतली भिंत घ्या, दोन्हीकडून खोली असलेली. देवघर, समई, उदबत्ती, चूल यांच्यापासून लांब. काजळी तेलकट असते, ती निघत नाही.

खिळ्यांवर, कड्यांवर किंवा दांडा ओवून टांगू नये, वजन ठिपक्याठिपक्यांवर येतं. वेल्क्रोची पद्धत सगळ्यात सुरक्षित. सात-आठ सेंटिमीटर रुंद पांढरी सुती नवार घ्या, गरम पाण्यात दोनदा धुऊन आकसू द्या. पाच सेंटिमीटर वेल्क्रोची मऊ बाजू तिच्यावर मशिननं शिवा. मग ही नवार टॅपेस्ट्रीच्या वरच्या कडेला मागून हातानं शिवायची, मध्यापासून दोन्ही टोकांकडे, सुई धाग्यांच्या मधून घालत, धागा न टोचता. टाके दोन ओळींत, एकाआड एक. वेल्क्रोची काटेरी बाजू भिंतीवरच्या फळीवर. फळी सागवानाची असेल तर दोन हात वॉर्निश, आठवडाभर सुकवणं आणि वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, नाहीतर लाकडाचं आम्ल कापडात उतरतं. वाळवीची भीती असेल तिथे मी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी वापरायला सांगेन. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. साधा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो आणि गंजाचा डाग निघत नाही. फळी भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे, मागून वारा फिरेल अशी. त्या पोकळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि पाली वसतीला येतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी बॅटरी मारून बघा.

अस्तर मांजरपाटाचं, खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेलं. उभ्या ओळींत, तीस-चाळीस सेंटिमीटर अंतरानं, टाके किंचित सैल. खालची कड मोकळी सोडायची आणि अस्तर टॅपेस्ट्रीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड. अस्तर आकसलं आणि खालून शिवलेलं असलं तर पुढचं चित्र पोटासारखं फुगतं.

मे महिन्यात गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायची आपली सवय चांगली आहे, पण टॅपेस्ट्रीला नाही. हिशोब करून बघा. संग्रहालयात अशा कापडाला ५० लक्स उजेड देतात. रोज आठ तासांप्रमाणे सहा महिन्यांचे ७२,००० लक्स-तास होतात. उघडं ऊन म्हणजे सुमारे एक लाख लक्स. म्हणजे अंगणातला पाऊण तास हा सहा महिन्यांच्या प्रदर्शनाइतका पडतो. काठीनं झोडपणं तर रेशमाचा शेवटच.

धूळ काढायची ती व्हॅक्यूम क्लीनरनं, सगळ्यात कमी ओढीवर. तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधून, तोंड कापडापासून अर्धा सेंटिमीटर वर धरून. सुटा धागा आत ओढला गेला तर जाळीवर दिसतो. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत घर असेल तर वर्षातून दोनदा, नाहीतर एकदा. धुवायची नाही, ड्रायक्लीनही नाही. जुन्या दुरुस्त्यांमधले एकोणिसाव्या शतकातले कृत्रिम रंग पहिल्या पाण्याला फुटतात. बेल्जियममध्ये मेखलनच्या द विट कार्यशाळेत टॅपेस्ट्री सपाट ठेवून वरून तुषार सोडतात आणि खालून हवा-पाणी ओढून घेतात. इंग्लंडच्या हार्डविक हॉलमधल्या बायबलमधल्या गिडिअनच्या युद्धाच्या तेरा टॅपेस्ट्र्या तशाच धुतल्या गेल्या, आणि १९९९ मध्ये सुरू झालेलं त्यांचं संवर्धन २०२३ मध्ये पुरं झालं. धुणं किती मोठं काम आहे ते यावरून कळेल.

कसर लागली की अंगावर रेशमी नळ्या आणि लोकरीच्याच रंगाची वाळूसारखी विष्ठा दिसते. आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे ती वर्षभर वाढते. डांबराच्या गोळ्यांची वाफ जरीला आणि माणसाला दोघांनाही वाईट. कडुनिंबाच्या पाल्यानं अळी मरत नाही, डाग मात्र पडतात. खात्रीचा उपाय गोठवणं. दोन पदरी पॉलिथिनमध्ये गुंडाळी घालून, हवा काढून, चिकटपट्टीनं पूर्ण बंद करून उणे १८ ते २० अंशांवर चौदा दिवस. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. मोठा तुकडा घरच्या फ्रीजरमध्ये मावत नाही. मासळीच्या शीतगृहात तेवढी थंडी मिळते, पण वासासाठी आणि बर्फासाठी आणखी एक पदर बांधावा लागतो.

सुटलेली फट घरी शिवता येते, पण दोन्ही बाजूंचा बाणा शाबूत असेल तरच. वाकडी सुई, जुन्या शिवणीच्या रंगाचा बारीक सुती दोरा, तीन मिलिमीटरवर एक टाका, प्रत्येक बाजूच्या शेवटच्या ताण्याला नुसता वळसा. खेचायचं नाही. ताणा तुटला असेल तर सुई खाली ठेवा. ते काम आधाराच्या लिननवर करावं लागतं आणि त्यासाठी संवर्धकच हवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, विचारणा तिथून सुरू करावी.

दोन-तीन चौरस मीटरपर्यंतचा तुकडा असेल तर माझं मत स्पष्ट आहे. दिवाळी ते अक्षय्य तृतीया भिंतीवर, बाकी काळ गुंडाळून. सतत कोरडी ठेवलेली खोली असेल तर मोठी टॅपेस्ट्री भिंतीवरच राहू द्या, तिला उतरवण्यातच धोका जास्त. उतरवायची ती रोहिणी लागायच्या आधी, हवा कोरडी असताना. मृगाच्या पहिल्या सरीनंतर गुंडाळलेली टॅपेस्ट्री आत ओल घेऊनच बसते.

गुंडाळीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइप, टॅपेस्ट्रीच्या उंचीपेक्षा दोन्हीकडे पंधरा सेंटिमीटर लांब. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, कारण पीव्हीसी आम्ल सोडतं, आणि वर धुतलेलं मांजरपाट. तीन माणसं, हात कोरडे, अंगठ्या-बांगड्या उतरवलेल्या. पाइप उभ्या कडेला लावायचा, म्हणजे ताण्याच्या दिशेनं गुंडाळी होते. चित्र बाहेरच्या बाजूला, मग सुरकुत्या पडल्याच तर अस्तराला पडतात. थराथरात मलमल. बाहेरून सुती कापडाचे दोन पदर, रुंद नाडीनं सैल बांधलेले. सुतळी नको, प्लास्टिक नको. पाइपमधून दांडा घालून दोन घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) आडवी टांगून ठेवा. कौलाखालच्या माळ्यावर ठेवू नका, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळती.

दिवाळीत उलगडताना घाई नको. एक दिवस त्याच खोलीत नुसता बाहेरचा पदर काढून ठेवा. कुबट वास आला तर उलगडताना तोंडावर मास्क लावा आणि बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नका, ती धाग्यात जाते. बाहेर सावलीत कोरडी होऊ द्या, मग जाळी लावलेल्या व्हॅक्यूमनं ओढा. मलमलीवर काय पडलंय ते नीट पाहा. पिवळी तुसं असली तर रेशीम, तपकिरी भुगा असला तर काळ्या रेषा, वाळूसारखे रंगीत कण असले तर कसर. तीच मलमल तारीख लिहून पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी ठेवून द्या आणि गुंडाळीला नवी घ्या.